साखर मोजणाऱ्या यंत्राची भाषा

जळोचीत आता मधुमेह असलेल्या बऱ्याच घरांत साखर मोजायचे छोटे यंत्र आले आहे. रक्तदाबाचेही असते. चांगलीच गोष्ट आहे. पण यंत्र घरात आले म्हणून त्यावर उमटलेले घरच्यांना कळतेच असे नाही.

"डॉक्टर, मशीन बिघडलंय, आकडाच दाखवत नाही," असे सांगत नातेवाईक दवाखान्यात येतात. मशीन ठणठणीत असते. बऱ्याच यंत्रांत साखर २० च्या खाली उतरली की आकड्याऐवजी एल आणि ओ ही इंग्रजी अक्षरे उमटतात. ६०० च्या वर गेली की एच आणि आय. म्हणजे जिवाला धोका असतो नेमक्या त्याच घटकेला यंत्र आकडे सोडून इंग्रजी बोलू लागते. सत्तरीच्या आजींनी यातून काय समजायचे? मग सेल बदलून बघ, दुसरी पट्टी लाव, यात वेळ जातो. मेंदूला साखर मिळत नसताना तो वेळ परवडणारा नसतो.

रक्तदाबाच्या यंत्राचेही तेच. तीन आकडे एकाखाली एक, तिसरा नाडीचा. तोच रक्तदाब समजून घाबरलेले लोक मी पाहतो.

"लोक अडाणी, त्याला यंत्र बनवणारा काय करणार?" असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या थेरॅक-२५ या यंत्राने १९८५ ते १९८७ या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरण दिले. काही दगावले. मूळ दोष आज्ञावलीत होता; पण पडद्यावर नुसतेच "मालफंक्शन ५४" असे उमटे आणि एक कळ दाबली की काम पुढे चालू करता येई. ते यंत्र चालवणारे तर शिकलेले तंत्रज्ञ होते!

आपल्याकडेही २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना सुरुवातीला कोविनवर नोंदणी केल्याशिवाय लस मिळत नव्हती, आणि कोविन होते इंग्रजीत. सर्वोच्च न्यायालयाने ३१ मे रोजी या अडचणीवर बोट ठेवले. जूनमध्ये तेथे मराठी आली. मनावर घेतले की जमते ते असे.

यंत्र बाजारात आणण्यापूर्वी कंपन्यांनी ते एखाद्या आजींच्या हातात देऊन शेजारी गप्प बसावे. त्या जिथे अडतील तिथे यंत्र सुधारावे, आजींना नव्हे. धोक्याची सूचना मराठीत हवी, अक्षर ठळक हवे. सरकारी खरेदीत तरी ही अट घालायला काय हरकत आहे?

तोवर सूनबाईंनी किंवा नातवाने एक करावे. यंत्राच्या डबीवर चिठ्ठी चिकटवून मराठीत लिहावे. एल-ओ: साखर फार कमी, शुद्धीवर असतील तर चार चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा आणि डॉक्टरांना कळवा. एच-आय: साखर फार जास्त, बोटाला गूळ-साखर लागली नाही ना बघून, हात धुऊन पुन्हा तपासा, तेच आले तर ताबडतोब दवाखाना गाठा. आणि खाली मोठ्या अक्षरात: शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.