एकविसावा वेताळ आणि आमची पहिली पिढी

'कॉमिक्स' हा शब्द उच्चारला की वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडते. अभ्यास सोडून पोरे चित्रे बघत बसतात, हा त्यामागचा राग. महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात तर असल्या विषयाला जागाच नाही, असा जणू संकेत आहे. चार कविता, दोन कथा, सहलीचे वर्णन आणि 'विज्ञान : शाप की वरदान' एवढ्यात आपला अंक भरतो. तरीही मी कॉमिक्सवर लिहायला बसले आहे. कारण सरळ आहे. वर्षभरात मी जे काही वाचले, त्यात या रंगीत चोपड्यांनी मला जेवढे भांडायला लावले तेवढे दुसऱ्या कशानेच लावले नाही.

या चोपड्या माझ्याकडे आल्या त्या गावातील एका निवृत्त गुरुजींकडून. जुने घर पाडताना माळ्यावर एक गठ्ठा निघाला. 'तुला वाचायचा नाद आहे, घेऊन जा' म्हणून त्यांनी तो मला दिला. इंद्रजाल कॉमिक्सचे तेवीस मराठी अंक. काहींना मुखपृष्ठ नाही, काहींची शेवटची पाने उंदरांनी नेलेली, त्यामुळे दोन-तीन खलनायक माझ्या लेखी अजून मोकळेच फिरत आहेत.

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली. इंग्रजीबरोबर हिंदी, मराठी आणि इतर भारतीय भाषांतही ती निघत असे. आधी महिन्याला, मग पंधरवड्याला आणि १९८१ पासून दर आठवड्याला एक, असे आठशेच्या वर अंक निघाले आणि १९९० मध्ये मालिका बंद पडली. तिचा मुख्य नायक वेताळ. अमेरिकन लेखक ली फॉक यांनी १९३६ मध्ये वर्तमानपत्रातील चित्रमालिकेसाठी निर्माण केलेला 'फँटम' तो हाच. नाव देणाऱ्याला मात्र दाद दिली पाहिजे. आपल्याकडे वेताळ म्हणजे भुतांचा राजा, 'चांदोबा' वाचणाऱ्यांच्या ओळखीचा विक्रमाच्या खांद्यावरचा प्रश्न विचारणारा. परका माणूस एका नावाने घरचा झाला.

घरचा किती झाला ते मला आजीमुळे कळले. आमच्या घरी दसरा-दिवाळी झाली की आई-बाबा ऊसतोडीला जातात आणि उन्हाळा तोंडावर आला की परततात. मी आणि भाऊ शाळेच्या वयापासून आजीजवळ राहिलो. आजीला अक्षरओळख नाही. रात्री मी मोठ्याने वाचायचे आणि ती ऐकायची. पहिल्या दिवशी मी 'वेताळ' म्हणताच ती दचकली. "आगं माय, दिवेलागणीला त्याचं नाव कशाला घेती?" मी तिला चित्र दाखवले : जांभळा अंगरखा, डोळ्यांवर मुखवटा, कमरेला दोन पिस्तुले. आजीने चष्मा पुसून नीट पाहिले आणि निकाल दिला, "ह्यो वेताळ न्हाई. ह्यो तमाशातला शिपाई हाय."

आता कथेकडे येते. १५३६ साली समुद्री चाच्यांनी एका जहाजावर हल्ला केला, कप्तानाला मारले. त्याचा मुलगा तेवढा वाचून किनाऱ्याला लागला. बांदार जमातीच्या लोकांनी त्याला जगवले. बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने शपथ घेतली की मी चाचेगिरी आणि अन्यायाशी लढेन, आणि माझ्यामागे माझे वंशजही लढतील. तो पहिला वेताळ. बाप मेला की मुलगा तोच पोशाख चढवतो, आणि जंगलातील लोकांना वाटते की हा तोच माणूस, चारशे वर्षे जिवंत असलेला. खरी गोष्ट फक्त बांदारांना ठाऊक. आपण वाचतो त्या कथा एकविसाव्या वेताळाच्या.

गुण आधी सांगते, म्हणजे अन्याय होणार नाही. या नायकाजवळ दैवी शक्ती नाही. तो उडत नाही, त्याच्या डोळ्यांतून आग निघत नाही. गोळी लागली तर तो मरतो. त्याचे बळ आहे ते कसलेल्या शरीरात आणि लोकांच्या समजुतीत. शिवाय प्रत्येक वेताळ आपल्या कामाची हकीकत लिहून ठेवतो. कवटीच्या गुहेत या बखरींची रांगच आहे, आणि पेच पडला की तो आजा-पणजाचे लिहिलेले काढून वाचतो. ज्या घरात आजवर एकही ओळ लिहून ठेवलेली नाही, त्या घरातल्या मुलीला त्या फळीचा हेवा वाटला, हे मी लपवत नाही.

लेखकाची हुशारीही मानली पाहिजे. नायक मेला तरी पद मरत नाही, म्हणून मालिका कधी संपतच नाही. ली फॉक १९९९ मध्ये वारले, तरी अमेरिकेत ही चित्रमालिका आजही चालू आहे. दुसरे लेखक लिहितात, दुसरे चित्रकार काढतात. जसा वेताळ, तसेच त्याचे कर्तेही!

पण माझे भांडण येथेच सुरू होते. सातव्या की आठव्या अंकाला मी मोठ्या कौतुकाने आजीला म्हटले, "बघ, एकवीस पिढ्या एकच काम करतायत!" आजी वाती वळत होती. मान वर न करता म्हणाली, "मंग त्यात नवल काय? आपलं बी तसंच हाय की."

मी अंक मिटला. त्या रात्री पुढे वाचवले नाही.

मित्रहो, वेताळाची कवटीची शपथ आपल्याला भव्य का वाटते? कारण त्याला गुहा, घोडा आणि खजिना वारशाने मिळतो. पण बापाचे काम मुलाने पुढे चालवायचे, ही गोष्ट आपल्या मुलखाला नवी नाही. तिला आपण वतन म्हणत होतो, बलुते म्हणत होतो. लोहाराच्या पोराने भाता ओढायचा, चांभाराच्या पोराने रापी धरायची. कोणी कवटी आणून शपथ घ्यायला लावली नाही, जन्म हीच शपथ. आज आमच्या भागात ती शपथ कोयत्यावर घेतली जाते. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात, हे अनेकांना ठाऊक असेल. माणसे मोजताना माणूस म्हणत नाहीत, हत्यार म्हणतात. मुकादमाची उचल बापाच्या हयातीत फिटली नाही तर ती मुलाच्या अंगावर येते. वेताळाला बापाची पिस्तुले मिळतात, आमच्याकडे बापाची उचल मिळते. पोशाख तोच, माणूस बदलला तरी कोणाच्या लक्षात येत नाही, हे मात्र दोन्हीकडे सारखेच!

दुसरे भांडण जंगलातील म्हणींशी. वेताळाच्या प्रत्येक कथेत 'जंगलातील जुनी म्हण' येते आणि ती हटकून त्याच्या स्तुतीची असते. आपल्या म्हणी पाहा. त्या पाटलाला, सावकाराला, सासूला, देवालासुद्धा सोडत नाहीत. ज्या जंगलातील म्हणी एकाच माणसाचे गुण गातात, तेथील लोक बोलायला भीत असतील असेच मला वाटते. हा रक्षक गोरा आणि रक्षण करून घेणारे सारे काळे, हेही डोळ्यांत खुपते. आपल्याकडच्या संपादकांनी बंगालशी गल्लत होऊ नये म्हणून 'बंगाला' या देशाचे 'डेंकाली' केले. नावातली अडचण त्यांना दिसली, रंगातली दिसली नाही. लेखकाच्या बाजूने एवढे सांगते की पुढे त्याने लुआगा नावाचा, लोकांनी निवडलेला आफ्रिकी राष्ट्राध्यक्ष कथेत आणला. पण राष्ट्राध्यक्ष असतानाही संकटात धावून येतो तो गुहेतलाच. 'गाव करील ते राव काय करील' ही म्हण त्या जंगलात कोणी सांगितलीच नाही.

आणि मुलींचे काय? सतराव्या वेताळाची बहीण भाऊ बरा होईपर्यंत तो पोशाख घालते आणि काम चोख करते. भाऊ उठला की पोशाख परत! एकविसाव्या वेताळाला १९७९ मध्ये जुळे झाले, किट आणि हेलॉईज. गादी कोणाची, हे वाचकाने विचारायचे कारण नाही असे कथा धरून चालते. मला ते फार ओळखीचे वाटले.

गठ्ठ्यातील सहा अंक मात्र वेगळे निघाले. त्यांचा नायक बहादूर. तो परदेशातून आलेला नाही. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी तो लिहिला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी चितारला. याला मुखवटा नाही. अंगात कुडता, खाली जीन्स. आपल्या एस.टी.त शेजारी येऊन बसला तरी कोणी वळून पाहणार नाही.

त्याची सुरुवात वेताळासारखीच आहे आणि तेथेच खरी गंमत आहे. इंद्रजालच्या पहिल्या अंकात वेताळ आपल्या बापाच्या मारेकऱ्याचा, त्याने पळवलेल्या कमरपट्ट्याचा माग काढतो. बहादूरचाही बाप मारला गेला आहे. पण तो बाप कप्तान नव्हे, डाकू भैरवसिंग. आणि मारणारा चाचा नव्हे, विशाल हा पोलीस अधिकारी. बहादूरही सूडाला निघतो. मग त्याला बापाच्या धंद्याची दुसरी बाजू कळते, आणि तो बापाची वाट सोडतो. गावकऱ्यांना जमवून नागरिक सुरक्षा दल उभे करतो. वेताळ बापाचे हत्यार उचलतो म्हणून नायक. बहादूर ते खाली ठेवतो म्हणून नायक. यातले अधिक अवघड काय, ते ज्यांच्या घरात एक वाट पिढ्यान्‌पिढ्या मळलेली आहे त्यांनी सांगावे.

ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९६० मध्ये विनोबांपुढे आणि १९७२ मध्ये जयप्रकाशांपुढे चंबळच्या डाकूंनी शस्त्रे ठेवली होती. आपल्या काळातले खरे घडलेले चित्रकथेत आले, म्हणून बहादूर मला वेताळापेक्षा मोठा वाटतो. त्याची सहकारी बेलाही नुसती सोडवून घेण्यापुरती नाही. ती स्वतः लढते. आजीलाही हा पटला. "ह्याच्या घरी आई कशी राहती, ते लिहिलं न्हाई का?" एवढीच तिची तक्रार.

तक्रार खरी आहे. माझ्याजवळच्या अंकांत तरी बहादूर डाकूंशी लढतो, पण माणूस डाकू का होतो हे विचारत नाही. जमीन कोणाची होती, कर्ज कोणाचे होते, हा हिशेब चित्राच्या चौकटीबाहेरच राहतो. पाने थोडी, मारामारी जास्त. छपाईचे रंगही कधी ओठ सोडून गालावर गेलेले.

हे सारे मी आताच का लिहिते आहे? या दसऱ्याला बाबांची पाठ धरली. उठता येईना. उचल घेतलेली होती. मुकादम ओसरीवर बसून चहा पीत शांतपणे म्हणाला, "पोरगा हाय की जागेवर." माझा भाऊ बारावीत आहे. मी भांडले. मी शिकवण्या घेईन, थोडे थोडे फेडू, असे म्हटले. बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, ते काही बोलले नाहीत. शेवटी भाऊच म्हणाला, "ताई, ह्या एका हंगामानं उचल फिटंल. परीक्षेला मी येतो." आणि तो आईबरोबर गेला. परीक्षेचा अर्ज मी भरला आहे. पुस्तके त्याच्या पिशवीत घातली आहेत. फडात दिवसभर मोळ्या वाहून रात्री कोपीत दिव्यापाशी तो किती वाचत असेल, याचा विचार मी करू नये असे आजी म्हणते.

वर्गात आम्हाला 'पहिल्या पिढीचे विद्यार्थी' म्हणतात, तेव्हा त्या शब्दात थोडी कीव असते. मला आता तो शब्द आवडू लागला आहे. एकविसावा होणे सोपे आहे. मागे वीस जणांच्या बखरी असतात. पहिल्याजवळ वाचायला काही नसते, त्याला लिहावेच लागते. माझा हा लेख तरी दुसरे काय आहे?

प्राध्यापकांना माझी एक विनंती आहे. असे अंक कोणाच्या माळ्यावर असतील तर ते रद्दीत जाऊ न देता आपल्या ग्रंथालयात आणावेत, आणि आम्हाला त्यांवर भांडू द्यावे. शंभर निबंध लिहून जे सुचत नाही ते भांडताना सुचते.

जाता जाता बहादूरच्या जनकाविषयी. आबिद सुरती यांनी २००७ मध्ये मुंबईजवळच्या मीरा रोडला एक काम सुरू केले. रविवारी एका नळकारागिराला बरोबर घ्यायचे, इमारतींतून घरोघर जायचे आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. आमच्या जालना जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या बायकांना थेंबाचा हिशेब वेगळा सांगायला नको. हे आजीला सांगितले तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "ह्याचं पुस्तक आण. ह्यो खरा दिसतोय."

असे पुस्तक माझ्या गठ्ठ्यात नाही. भाऊ परत आला की आम्ही दोघे मिळून शोधणार आहोत.

— बी. ए. द्वितीय वर्ष