दुपारी हॉल उघडा ठेवा

मुंबईचा उन्हाळा नुसत्या तापमापकावर कळत नाही. दमट हवेत घाम वाळत नाही, मग अंग निवणार कसं? म्हणून मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या सोसायट्यांना कळकळीची विनंती: मे महिन्यात ११ ते ४ तुमचे हॉल मुलांना द्या. पत्र्याचं छप्पर मात्र नको. तळमजला, आरपार वारा, माठातलं पाणी, कैरीचं पन्हं. सागरगोटे, पत्त्यांचे बंगले, भेंड्या, आणि नाटक तर हवंच! सुधा करमरकरांनी १९५९मध्ये ‘लिट्ल थिएटर’ सुरू करून ‘मधुमंजिरी’ हे बालनाट्य रंगमंचावर आणलं. बालनाट्य हे आपलं जुनं धन. चादरीचा पडदा, पुठ्ठ्याचा मुकुट पुरतो.  आजी-आजोबांसाठीही नाटकात दोन भूमिका ठेवा.