दाढ गेली, अक्कल आली का?

आरशासमोर उभे राहा. तोंड पूर्ण उघडा. आता आपली तीन बोटं एकावर एक धरून वरच्या आणि खालच्या समोरच्या दातांच्या मध्ये घालून बघा. आरामात गेली? छान, पुढे वाचा. नाही गेली? मग तर वाचाच. कारण माझीही गेली नव्हती.

मी दिग्रसचा. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पाच आठवड्यांपूर्वी माझी खालची डावी अक्कलदाढ काढली. आडवी आली होती ती. हिरडी सुजायची, कान ठणकायचा, घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. तरी मी दोन महिने मेडिकलमधून गोळ्या आणून ढकलले. "परीक्षा होऊ दे, मग बघू." तुम्हीही हेच करता, मला माहीत आहे. शेवटी हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून ती बाहेर काढावी लागली. तीन टाके पडले. डॉक्टर म्हणाले, "चार दिवस घरीच राहायचं."

आणि इथून गंमत सुरू झाली. मित्र म्हणाले, "काऊन बे, दाढच त काढली! त्यात चार दिवस झोपाचं का?" शेजारच्या काकूंना माझ्या डोळ्यांची काळजी. दाढ काढली की नजर कमी होते म्हणे! (होत नाही. दाताच्या आणि नजरेच्या नसा वेगवेगळ्या आहेत.) कोणी म्हणालं लवंगेचं तेल भर, कोणी म्हणालं गरम शेक दे. हात मोडला असता तर प्लास्टर बघून सगळ्यांनी विचारपूस केली असती. तोंडातली जखम दिसत नाही, म्हणून ती जखमच नाही, असा आपला हिशोब.

म्हणून पहिलं म्हणणं हे, की दाढ काढल्यावर घरी पडून राहणं म्हणजे नखरे नाहीत. तो उपचाराचाच भाग आहे. दाढ निघते तिथे हाडात खड्डा पडतो. त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तीच जखमेचं झाकण असते. ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं. याला ड्राय सॉकेट म्हणतात. दोन-तीन दिवसांनी बरं वाटायला हवं तेव्हाच उलट ठणका वाढतो, कानापर्यंत जातो, तोंडाला घाण वास येतो. ही गुठळी कशाने निघते? जोरात चूळ भरल्याने, सारखं थुंकल्याने, स्ट्रॉने ओढून प्यायल्याने. सिगारेट-तंबाखूनेही हा धोका वाढतो.

आता माझे दिवस सांगतो. पहिल्या दिवशी तोंडात कापूस, वरून कापडात गुंडाळलेला बर्फ आणि बोलणं बंद. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल असा सुजला, की आजी म्हणाली, "गालात लिंबू ठेवलं का रे?" ही सूज साधारण याच दिवसांत सगळ्यात जास्त असते आणि मग उतरते. घाबरून इंटरनेटवर फोटो जुळवत बसू नका. चोवीस तासांनंतर कोमट मिठाच्या पाण्याने हलकेच गुळण्या सुरू केल्या. तर्री-पोहे, चिवडा, भाकर-ठेचा सगळं बंद. आईने ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, गार करून ताकात कालवल्या. वर्षभर ज्या कण्यांना मी नाक मुरडतो, त्या दोन वाट्या खाल्ल्या. गोळ्या मात्र यावेळी चिठ्ठीवर होत्या तेवढ्याच आणि तितकेच दिवस.

पण खरी गोष्ट ही नाहीच. खरी गोष्ट दाढ काढण्याच्या आधी, त्या खुर्चीत घडली.

डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं. मी उघडलं. ते म्हणाले, "अजून." मी म्हणालो, "एवढंच उघडतं." त्यांनी तीन बोटं घालायला लावली. दोनच गेली. गालाच्या आतून बोट फिरवलं आणि विचारलं, "खर्रा किती वर्षांपासून?" आई बाहेर बाकावर बसली होती. मी हळूच म्हणालो, "अकरावीपासून."

आपल्याकडे वेगळं सांगायला नको. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घोटून तयार. कॉलेजात ओळख वाढवायची तर पुडी पुढे करायची. नाही म्हटलं तर "लहान आहे अजून". राज्यात गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे. आता तुमच्या कॉलेजच्या गेटपासून पावलं मोजा आणि पहिला पानठेला कुठे लागतो ते बघा.

आणि "मी तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो" म्हणणाऱ्यांनी हेही ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाच कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं आहे. गाल आतून कडक होत जाण्याचं मुख्य कारणही सुपारीच. आधी तिखट झोंबतं, मग गाल पांढरट पडतो, मग तोंड कमी उघडायला लागतं. कडक झालेला गाल पुन्हा पहिल्यासारखा होत नाही आणि पुढे त्यातून कॅन्सर होण्याची भीती राहते. सोडलं तर पुढचं नुकसान रोखता येतं. विसाव्या वर्षी हे ऐकताना माझी दाढ दुखायची थांबली होती, एवढं सांगतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मित्र भेटायला आला. प्रेमाने आला, खिशात पुडीही होती. मी सुजलेल्या गालाकडे बोट दाखवलं. तो हसला आणि पुडी परत ठेवली. गेल्या चार वर्षांत "नको" म्हटल्यावर कोणी चिडवलं नाही, अशी ती पहिलीच वेळ. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की सोडायला कारण लागतं, आणि हे आयतं मिळालेलं कारण आहे. टाके असेपर्यंत खर्रा खाता येत नाही. सातव्या दिवशी टाके निघाले तेव्हा सात दिवस झालेच होते. मग आठवा का मोडायचा?

त्याच रात्री आईला सांगितलं. ती रागावली नाही. "मले वाटतच होतं," एवढंच म्हणाली. ते रागावण्यापेक्षा जड गेलं.

मी सुटलो, असं छातीठोक म्हणत नाही. जेवण झालं की अजून हात खिशाकडे जातो. पण पाच आठवडे झाले. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो. आणि दाढ काढल्यावर रक्त थांबत नसेल, ताप आला, तीन दिवसांनंतरही सूज वाढतच असेल, किंवा गिळायला, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर घरगुती उपाय करत बसू नका, सरळ डॉक्टरांकडे जा.

प्रत्येकाचीच अक्कलदाढ काढावी लागते असं नाही. सरळ आली, त्रास नाही, तर राहू द्या. पण ती तीन बोटांची परीक्षा आज स्वतः द्या. आणि उद्या कट्ट्यावर जो सगळ्यात आधी पुडी काढतो ना, त्यालाही द्यायला लावा.