फोन कुणाच्या खिशात?

कापूस वेचते बाई, ज्वारी सोंगते बाई. पण सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा, तर २०२५ च्या हंगामापासून 'कपास किसान' अॅपवर नोंदणी. सातबाऱ्यावर पेरा चढवायचा, तर २०२१ पासून ई-पीक पाहणीचे अॅप. ओटीपी येतो तो फोन धन्याच्या खिशात, आणि धनी बाजाराला!

२०२५ मध्ये 'लाडकी बहीण'च्या ई-केवायसीला नवऱ्याचे किंवा बापाचे आधार मागितले. दोघेही गेलेली विधवा खोळंबली. नियम करणाऱ्यांना ती दिसलीच नव्हती.

सुरक्षेचेही तेच. २०१७ पासून नव्या फोनवर संकटाचे बटण सक्तीचे झाले. साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरायचे. पण त्यासाठी फोन हातात हवा, शिवारात रेंज हवी. मारणाराच फोनचा मालक असेल तर बटण काय कामाचे?

आमची मागणी सरळ आहे. अॅप बनवण्याआधी वेचणीवरच्या बायांना विचारा. अॅप मराठीत बोलणारे हवे, रेंजविना चालणारे हवे. बाईचा स्वतःचा नंबर आधाराला गावातच जोडून द्या. फोन नाही तिचा कागदी अर्ज नाकारू नका.

आणि भावांनो, आपले काय? १९८६ ला चांदवडला बाया जमल्या, पुढे लक्ष्मीमुक्तीत कित्येकांनी बायकोच्या नावे जमीन केली. जमीन देणाऱ्याला फोन जड का व्हावा? सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपलाच खिसा चाचपा.

पुढच्या बैठकीला जोडीने या. फोन तिच्या हातात असू द्या.