डीएम नावाचा जिल्हा, जो आता नाही

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा किंवा रात्री निवांत वाचा.

आपल्या गावातल्या एका मित्राचा मुलगा जर्मनीत रोस्टॉकला शिकतो. मागच्या महिन्यात त्याने मला एका गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो पाठवला. प्लेटवर सुरुवातीला दोनच अक्षरं होती, डीएम. खाली लिहिलं होतं, "काका, या नावाचा जिल्हा २०११ सालीच बंद झालाय, पण लोक अजून हा नंबर मागून घेतात. तुमच्या कामाचं आहे."

पोरगं मला बरोबर ओळखून आहे. गेली वीस-बावीस वर्षं मी "आपला जिल्हा झालाच पाहिजे" या एकाच मागणीच्या बातम्या लिहितोय. मोर्चा, रास्ता रोको, बंद, निवेदन, आश्वासन, पुन्हा निवेदन. निवेदनाचा मसुदा मला तोंडपाठ आहे. तेव्हा बंद झालेला जिल्हा कसा दिसतो, हे बघायची उत्सुकता होतीच. महिनाभर वाचत बसलो. जे हाती लागलं ते सांगतो, आणि मग आपल्याबद्दल दोन शब्द बोलतो. ते काहींना आवडणार नाहीत.

डीएम म्हणजे डेमिन. ईशान्य जर्मनीतलं गाव, बाल्टिक समुद्रापासून फार लांब नाही. पेने, ट्रेबेल आणि टोलेन्झे अशा तीन नद्या तिथे एकत्र येतात. १९४५ च्या मे महिन्यात या गावात जे घडलं तो फार काळा विषय आहे, त्यावर इथे लिहीत नाही. आपला विषय फक्त जिल्ह्याचा.

पेने नदी बराच काळ सरहद्द होती. १७२० मध्ये नदीच्या दक्षिणेचा भाग स्वीडनकडून प्रशियाकडे आला आणि त्यात डेमिनही आलं. उत्तरेचा भाग स्वीडनकडेच राहिला, तो प्रशियाला मिळायला १८१५ उजाडलं. मग प्रशियाने आपल्या पद्धतीने सगळी आखणी केली आणि १८१८ मध्ये पोमेरानिया प्रांतात डेमिनचा जिल्हा झाला. म्हणजे आपल्याकडे पेशवाई संपली त्याच वर्षी. पुढे सव्वाशे वर्षं त्या जिल्ह्याला फारसा धक्का लागला नाही. राजे गेले, कैसर गेला, पण डेमिन जिल्ह्याचं ठिकाण राहिलं.

मग १९४५ आलं. पोमेरानियाचा बराचसा भाग पोलंडकडे गेला. पश्चिमेचा जो तुकडा जर्मनीत उरला तो शेजारच्या मेक्लेनबर्गला जोडला आणि राज्याचं नाव मेक्लेनबर्ग-फोरपोमर्न झालं. १९४७ मध्ये नावातला पोमर्न हा भागच काढून टाकला. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीच्या सरकारने राज्यंच मोडीत काढली आणि त्यांच्या जागी बेझिर्क नावाचे विभाग आणले. डेमिन नॉयब्रांडेनबुर्ग विभागात गेलं. त्याच वेळी जुना जिल्हा कापून आल्टनट्रेप्टो या गावाचा वेगळा जिल्हा केला. गाड्यांच्या नंबरवर डेमिनचं नामोनिशाण नव्हतं. अख्ख्या विभागाला एकच अक्षर होतं, सी.

१९९० मध्ये जर्मनी एक झाली, राज्यं परत आली, पोमर्न हे नाव परत आलं. डीएम हा नंबर तेव्हाचा, एकत्रीकरणानंतर मिळालेला. (जर्मन मार्क या चलनालाही लोक डीएमच म्हणायचे. पुढे ते चलनही गेलं.) पण एकीच्या आनंदात चारच वर्षं गेली. १९९४ च्या जूनमध्ये राज्याने ३१ ग्रामीण जिल्ह्यांचे १२ केले. डेमिन, माल्चिन आणि आल्टनट्रेप्टोचा बहुतेक भाग मिळून एक मोठा डेमिन जिल्हा झाला. १९५२ मध्ये जे कापलं होतं त्यातलं बरंचसं परत शिवलं, असं म्हणा.

तो मोठा जिल्हाही सतरा वर्षंच टिकला. ४ सप्टेंबर २०११ रोजी १२ चे ६ झाले.

समजा १९१५ साली डेमिनमध्ये एक मुलगी जन्मली आणि ऐंशी वर्षं जगली. घर बदललं नाही, अंगणातलं झाडसुद्धा तेच. तिच्या घरावर आधी प्रशिया, मग मेक्लेनबर्ग-फोरपोमर्न, मग नुसतं मेक्लेनबर्ग, मग नॉयब्रांडेनबुर्ग विभाग, मग परत मेक्लेनबर्ग-फोरपोमर्न अशा पाट्या लागल्या. बाई मात्र तिथेच. मला हे वाचून आपल्याकडची सीमाभागातली म्हातारी माणसं आठवली, जन्म एका राज्यात, पेन्शन दुसऱ्या राज्यात.

आता कळीचा मुद्दा. जिल्हे मोडायचे कशाला? कारण साधं होतं. एकीकरणानंतर तरुण पोरं कामासाठी पश्चिमेकडे गेली, गावं रिकामी झाली. डेमिन शहरात १९९० च्या आसपास सोळा हजारांवर वस्ती होती, आज दहा-अकरा हजार आहे. शेवटी शेवटी सगळ्या डेमिन जिल्ह्यात मिळून ऐंशी हजारांच्या आसपास माणसं उरली होती. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात एवढी माणसं असतात. एवढ्यांसाठी पूर्ण कचेरी, अधिकारी, गाड्या, इमारती परवडत नाहीत असं सरकारचं म्हणणं होतं, आणि हिशोब म्हणून ते खोटं नव्हतं.

पण तिथला जिल्हा म्हणजे नुसती कलेक्टर कचेरी नाही, हे लक्षात घ्या. त्याला ते लांडक्राईस म्हणतात. आपली जिल्हा परिषद आणि कलेक्टर कचेरी एकत्र केली तर जे होईल, साधारण तसं. बांधकाम परवाने, कचरा, रुग्णवाहिका, बालकल्याण, जिल्हा रस्ते, गाड्यांची नोंदणी, सगळं तिथे. प्रमुखाला लांडराट म्हणतात आणि त्या राज्यात लोक त्याला थेट मतदानाने निवडतात. म्हणजे कलेक्टरच निवडून आलेला! (आपल्याकडे हे करावं का, यावर मत विचारू नका. मला गावात राहायचंय.) सोबत क्राईसटाग नावाची निवडून आलेली सभा असते. तिचे सभासद पगारी नसतात. कुणी शेतकरी, कुणी शिक्षिका, कुणी दुकानदार, आपलं काम संपवून संध्याकाळी बैठकीला जाणारे.

म्हणूनच पुढची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. राज्याने आधी २००६ मध्येच एक कायदा केला होता. १२ जिल्हे आणि ६ स्वतंत्र शहरं मिटवून फक्त ५ प्रचंड जिल्हे करायचे. काही जिल्हे याविरुद्ध कोर्टात गेले. राज्याचं घटना न्यायालय ग्राइफ्सवाल्डला आहे. त्याने २६ जुलै २००७ रोजी तो कायदा रद्द केला.

कोर्टाने मोठे जिल्हे नकोतच असं म्हटलं नाही. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं. तुम्ही कारभार स्वस्त आणि सोपा कसा होईल याचाच विचार केलात. पण जिल्हा ही स्थानिक स्वराज्याची जागा आहे. जिल्हा एवढा मोठा झाला तर नोकरी-धंदा सांभाळून, बिनपगारी, सभेवर काम करणारा साधा माणूस तिथपर्यंत पोहोचणार कसा, तो भाग त्याला माहीत असणार कसा, याचा विचार तुम्ही पुरेसा केला नाही. कमी त्रासाचे दुसरे पर्यायही नीट तपासले नाहीत.

मी हे दोनदा वाचलं. अंतर हा लोकशाहीचा प्रश्न आहे, असं एका न्यायालयाने निकालात मांडलं होतं.

सरकारने मग नव्याने अभ्यास केला आणि २०१० मध्ये दुसरा कायदा केला. पाचऐवजी सहा जिल्हे, दोन शहरं स्वतंत्र. हाही कोर्टात गेला, या वेळी ऑगस्ट २०११ मध्ये टिकला. डेमिन जिल्हा गेला. तोही अख्खा एका ठिकाणी गेला नाही. यारमेन आणि लोइत्झच्या बाजूचा भाग फोरपोमर्न-ग्राइफ्सवाल्डकडे गेला, बाकीचा, डेमिन शहरासकट, मेक्लेनबुर्गिशे झेनप्लाटे या नव्या जिल्ह्यात. नावाचा अर्थ मेक्लेनबर्गचा सरोवरप्रदेश. डेमिन मूळचं पोमेरानियाचं. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला पोमेरानियन म्हणवणारं गाव आता मेक्लेनबर्ग नावाच्या जिल्ह्यात. मालवणच्या माणसाला कागदोपत्री घाटावरचा करून टाकल्यासारखं.

हा नवा जिल्हा जर्मनीतला क्षेत्रफळाने सगळ्यात मोठा. सुमारे साडेपाच हजार चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या गोव्यापेक्षा मोठा. साधारण आपल्या पालघर जिल्ह्याएवढा. पण पालघरमध्ये २०११ च्या जनगणनेप्रमाणे तीस लाखांच्या घरात माणसं, तिथे अडीच-पावणेतीन लाख. मुख्यालय नॉयब्रांडेनबुर्गला. मात्र डेमिन, वारेन आणि नॉयस्ट्रेलिट्झ इथल्या कचेऱ्या पूर्ण बंद केल्या नाहीत, शाखा म्हणून ठेवल्या. काही कामं अजून डेमिनमध्येच होतात.

आणि नंबरप्लेट? २०१२ च्या नोव्हेंबरपासून केंद्राने नियम सैल केला. राज्यांना हवं असेल तर बंद झालेल्या जिल्ह्यांची अक्षरं परत वापरता येतील. यामागे हाइलब्रॉनच्या एका प्राध्यापकांनी जर्मनीभर केलेली पाहणी होती. गावोगावच्या लोकांना विचारलं, तर बहुतेक ठिकाणी जुनं अक्षर हवं म्हणणारेच जास्त निघाले. मग डेमिनवाल्यांना डीएम परत मिळालं, आल्टनट्रेप्टोवाल्यांना एटी, माल्चिनवाल्यांना एमसी. मित्राच्या पोराने फोटो काढला ती गाडी यातलीच.

लोकांना अभिमान परत मिळाला हे छान आहे. पण सरकारच्या बाजूने बघा. अक्षर परत द्यायला खर्च काय? एक पत्र्याची पट्टी, तीही गाडीवाल्याच्या पैशाने. कचेरी परत द्यायला मात्र माणसं आणि पैसे लागतात. ती कुणी परत दिली नाही. (तिथले पुढारी काही सगळेच ढिम्म नाहीत. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये शेजारच्या ब्रांडेनबुर्ग राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी अशीच जिल्हे जोडायची योजना विरोध पाहून स्वतःहून मागे घेतली.)

आता आपल्याकडे या.

आपली दिशा उलटी आहे. महाराष्ट्र झाला तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. माणसं वाढली, जिल्हे वाढले, ते योग्यच. आपल्याला आणखी एक हवाय. मीही त्याच बाजूचा आहे. पण बावीस वर्षांच्या बातम्या चाळल्या तर आपण काय मागतोय? गाडीला आपला स्वतःचा एमएच नंबर मिळेल. बायपासच्या जमिनीला भाव येईल. कलेक्टर कचेरी स्टँडच्या बाजूला हवी की एमआयडीसीच्या बाजूला, यावर तर आत्ताच दोन गट पडलेत, जिल्हा अजून कागदावरही नाही.

माझ्या आत्याला तीन वर्षांपूर्वी अपंगत्वाचा दाखला काढायचा होता. तपासणीचा वार ठरलेला. पहाटे साडेपाचची एसटी, एकशे दहा किलोमीटर, कडेला तिची काठी. पहिल्या वेळी डॉक्टर रजेवर. दुसऱ्या वेळी मशीन बंद. तिसऱ्या वेळी काम झालं. तीन खेपांचं भाडं, माझ्या आतेभावाचे तीन बुडालेले रोज, आणि आत्याचं एकच वाक्य, "आता मेले तरी तिथं नेऊ नको." ही आत्या आपल्या कुठल्याही निवेदनात नाही. मीसुद्धा तिची बातमी केली नव्हती, हे कबूल करतो. घरातली गोष्ट म्हणून सोडून दिली.

शिवाय सांगतो, जिल्हा झाला तरी तिची खेप वाचेलच असं नाही. कलेक्टरची खुर्ची पहिल्या दिवशी येते. जिल्हा रुग्णालय, तिथले डॉक्टर, मशीन, जिल्हा परिषदेची इमारत, ही मागून येतात. तोवर बोर्ड नवा आणि खेप जुनीच. आणि आपल्या तालुक्याच्या पलीकडे डोंगराला लागून जी गावं आपण परस्पर आपल्या नकाशात धरली आहेत, त्यांना कुणी विचारलंय का? त्यातल्या काहींना सध्याचं जिल्ह्याचं ठिकाण जवळ पडतं. उद्या ती गावं यारमेन आणि लोइत्झसारखी भलत्या बाजूला गेली, तर ती आपल्याविरुद्ध मोर्चा काढतील, आणि मला त्याचीही बातमी लिहावी लागेल.

येत्या रविवारी कृती समितीची बैठक आहे, मारुती मंदिराच्या सभामंडपात, सकाळी दहाला. मी जाणार आहे, आणि या वेळी वही-पेन खिशात ठेवून बोलणार आहे. माझी मागणी एवढीच, की नव्या निवेदनाला एक तक्ता जोडा. प्रत्येक गावातून आज जिल्ह्याच्या ठिकाणी जायला किती किलोमीटर, किती एसट्या, किती भाडं, आणि कुठल्या कामासाठी किती खेपा. आणि जिल्हा होईल तेव्हा होईल, तोवर दाखल्याची तपासणी महिन्यातून दोन दिवस इथल्याच सरकारी दवाखान्यात व्हावी, ही मागणी पहिल्या नंबरवर. गाडीचा नंबर शेवटी टाका, मला चालेल.

तुमच्या गावाची माहिती बैठकीला येताना कागदावर लिहून आणा. एसटीची जुनी तिकिटं असतील तर तीही आणा.