नानांची घसरगुंडी

डोंबिवलीची आमची बिल्डिंग पाडून नवी व्हायची आहे. त्यामुळे गेले दोन रविवार माळे रिकामे करणे हाच कौटुंबिक कार्यक्रम. त्यात जिन्याखालून निघाली नानाकाकांची घसरगुंडी! जुन्या मंडळींना लगेच आठवेल. नव्यांसाठी सांगतो.

नानांची मॅटाडोर होती. तिच्याखाली शिरून ऑईल बदलणे, ग्रीस भरणे हा त्यांचा रविवार. त्यासाठी त्यांनी कल्याणहून रेल्वेचा एक जुना लाकडी स्लीपर आणला. 9 फूट लांब, 10 इंच रुंद, 5 इंच जाड. वखारीत त्याच्या दीड-दीड इंची तीन फळ्या कापून घेतल्या. खिळ्यांच्या भोकांमुळे करवतवाला वैतागला होता म्हणे. मग सर्वात खाली 48 इंचांचा तुकडा, त्यावर 38, मग 28, आणि वर 18. आरपार बोल्ट, आणि वरच्या टोकाला चाक पुढे जाऊ नये म्हणून आडवी पट्टी. अशा दोन. एका स्लीपरमध्ये दोन्ही बसल्या, याचा नानांना कोण अभिमान! पुढची चाकं त्यावर चढवली की गाडी 6 इंच वर. आम्हा पोरांसाठी मात्र ती घसरगुंडी.

"भंगारवाल्याला देऊन टाक," चुलतभाऊ म्हणाला. मी नाही म्हटलं. कारण आदल्याच आठवड्यात शिळफाट्याजवळ एक दृश्य पाहिलं होतं. रस्त्याकडेला ट्रक, पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर, शेजारी दोन विटा रचलेल्या, आणि खालून फक्त दोन पाय बाहेर. स्लिपर घातलेले, सतरा-अठरा वर्षांच्या पोराचे पाय. शेजारून कंटेनर गेला की जमीन हादरत होती...

माझं म्हणणं एवढंच आहे, की जॅक उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नाही. त्यातलं सगळं वजन तेलावर आणि एका रबरी सीलवर तोललेलं असतं. ते सील सुटायच्या आधी सांगत नाही. वीटही सांगत नाही, एकदम फुटते. लाकूड मात्र आधी दबतं, करकरतं, माणसाला बाहेर यायला वेळ देतं. रेल्वेवाल्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. रुळावरून घसरलेला डबा जॅकने उचलतानाही ते खाली लाकडी ठोकळे रचत जातात.

"पण ट्रकचं वजन लाकूड पेलेल का?" रास्त शंका. 2018 साली मर्यादा वाढली, तेव्हापासून साध्या दोन अ‍ॅक्सलच्या ट्रकला मालासकट 18.5 टन चालतात, आधी 16.2 होते. पण टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण आतल्या हवेइतकाच असतो, म्हणजे चौरस इंचाला 100-120 पौंड. वाळलेलं, भरीव लाकूड याच्या दोन-तीन पट सहज सोसतं. अट एकच, मध्ये पोकळी नको. फळ्या एकावर एक, थेट जमिनीपर्यंत. आणि टायरपेक्षा रुंद.

मर्यादाही सांगायलाच हव्यात. चाक काढायचं असेल तर ही घसरगुंडी कुचकामी, तिथे लोखंडी घोडीच हवी. पावसाळ्यात कुजलेली किंवा वाळवी लागलेली फळी तर विटेइतकीच दगाबाज. गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हे नाना कधी विसरले नाहीत. आणि खड्डा असलेलं गॅरेज केव्हाही उत्तम, पण रस्त्याकडेच्या मिस्त्रीला खड्डा खणायला जागा कोण देणार?

गरिबीमुळे असं होतं, हे मला अर्धंच पटतं. शेजारी जुन्या पॅकिंगच्या लाकडाचा ढीग पडलेला असतो. कमी पडतो तो एक रविवार, आणि 'इतकी वर्षं काही झालं नाही' हे वाक्य गिळायची तयारी. नानांची सगळे टिंगल करायचे, मीही केली. पण ते वीस वर्षं गाडीखाली झोपले आणि प्रत्येक वेळी उठून जेवायला घरी आले.

असो. फळ्या ठोकून पाहिल्या, अजून टणक आहेत. काल त्या शिळफाट्याच्या मिस्त्रीकडे नेऊन दिल्या. भरलेल्या ट्रकला या वापरू नको, टेम्पोला वापर, आणि हे माप बघून ट्रकसाठी नव्या, रुंद कर म्हटलं. तो हसला. पोराने मात्र खिशातून टेप काढून माप घेतलं.

चुलतभावा, भंगाराचे पैसे बुडाले. माझ्याकडून घे.