आतून कोण बघतंय?

गेल्या रविवारी अक्काकडे गेलो, तर सोप्यात माय-लेकाचा वाद रंगलेला. भाचा इंजिनिअरिंगला आहे. सुट्टीत चौदा फुटी शिडाची होडी घरीच बांधायची म्हणून त्याने मागची पडवी रिकामी केली आहे. हलक्या लाकडाच्या पाव इंची पट्ट्या जोडायच्या आणि त्यावर इपॉक्सीत भिजवलेलं काचेचं कापड चढवायचं, असा बेत. पैसे कमी पडले म्हणून कापड फक्त बाहेरून लावायचं त्याने ठरवलं.

"मामा, पाणी बाहेरच असतंय. आतून कोण बघतंय?"

अक्का म्हणाली, "कापड कशाला? लाकूडच जाड घे की!"

मी पडलो एम.ए. वाला. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये फिजिक्सच्या सरांना गाठलं. त्यांनी दोन पुठ्ठे घेतले. नुसते एकावर एक ठेवले तर सहज वाकले. मग मध्ये थर्मोकोल घालून फेव्हिकॉलने चिकटवले. वाळल्यावर वाकेनात. तेच पुठ्ठे, फक्त अंतर वाढलं! त्यांनी हिशेबही सांगितला. एकाच पातळ पत्र्याचे दोन पापुद्रे करून मध्ये हलका गाभा भरला आणि एकूण जाडी दुप्पट केली, तर ताठपणा सुमारे सातपट होतो. वजन मात्र जेमतेम वाढतं.

आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई, कन्नडात महादायी, सगळ्यांच्या ओळखीची. त्याच नावाची ५६ फुटी शिडाची नौका गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. तिचं अंगही असंच आहे : मध्ये लाकडाचा गाभा, दोन्हीकडे फायबरग्लास. तिच्यावरून नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या काळात एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले भारतीय.

आता भाच्याचा प्रश्न. लाट बाहेरून आदळली की होडीची भिंत आत दबते. तेव्हा बाहेरचा थर दाबला जातो आणि आतला ताणला जातो. हा ताण काचेचं कापडच नीट पेलतं. आत कापडच नसेल तर सगळा भार उघड्या लाकडावर. म्हणजे जिथे कुणी बघत नाही, तिथलाच थर होडी वाचवतो.

अक्काचंही सर्वस्वी चूक नाही. १९६८-६९ मध्ये रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ज्या 'सुहेली'तून एकटे, न थांबता जगभर फिरले, ती मुंबईत बांधलेली, भरीव सागवानी. पण तेवढं सागवान आणि तेवढं वजन आपल्या पडवीला परवडायचं नाही.

आणखी एक गोष्ट मी घरच्या अनुभवावरून सांगितली. आमच्या न्हाणीघराच्या फ्लश डोअरला कडी बसवताना पाडलेल्या भोकातून पाणी आत गेलं आणि वर्षभरात दार फुगलं. वरचा थर चांगलाच होता, कुजला तो गाभा. म्हणून होडीत बोल्टसाठी भोक जरा मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं आणि वाळल्यावर त्यातून पुन्हा नेमकं भोक पाडायचं.

अक्का गप्प ऐकत होती. मग आत जाऊन भिशीचे पैसे घेऊन आली.

"आतलं कापड घे. आणि लाइफ जॅकेटबी. ते घातल्याबिगर पाण्यात पाय टाकायचा नाही."

भाच्याने निमूटपणे मान हलवली. पट्ट्या मोजायला मीही बसलो.